हरलेला डाव पुन्हा मांडा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार होता. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आम्ही राहतो, तिथे आमच्या दाराची कडी वाजली. दारात पलीकडच्या चाळीतले एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्यामागे त्यांची सातवीतली मुलगी. दोघेही भिजलेले. जय भीम करून गृहस्थ खुर्चीत बसले. मुलगी मात्र भिंतीला टेकून उभीच राहिली. तिचे डोळे सुजलेले होते.

हे गृहस्थ डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर काम करतात. त्या रविवारी रजा टाकून ते मुलीला ठाण्याला बुद्धिबळाच्या स्पर्धेसाठी घेऊन गेले होते. प्रवेश फी भरली, जाण्यायेण्याचे तिकीट, दुपारचा वडापाव, वर एक दिवसाचा रोज बुडाला. पाचव्या फेरीत मुलगी हरली आणि बक्षीस गेले. त्याचे त्यांना एवढे वाईट वाटले नव्हते. पण हॉलमधून निघताना दुसऱ्या एका मुलाच्या पालकाने सहज म्हटले, "अगं, तुझी तर तिथे मात होती. दिसली नाही का?" तेवढ्या वाक्याने घात केला. ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोकलमध्ये बाप बोलत होता आणि मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती.

"जिंकलेला डाव घालवला हिने, सर," गृहस्थ आम्हाला म्हणाले. "आता बस्स झाले. तुम्हीच समजावा हिला. अभ्यास करू दे. आपल्याला परवडणारे नाही हे."

आमची ओळख सांगायची तर आम्ही काही बुद्धिबळाचे मोठे जाणकार नव्हे. रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर वस्तीतली मुले जमतात, त्यांच्यासमोर चार पट मांडतो, इतकेच. पण ही मुलगी आमच्याकडे दोन वर्षे येत होती आणि आता ती आम्हाला हरवू लागली होती. म्हणून आम्ही गृहस्थांना म्हटले, "भाऊ, समजावतो. पण आधी चहा घ्या. आणि पोरी, तुझा कागद आण बघू."

कागद म्हणजे चालींची नोंद. मोठ्या वेळेच्या डावात प्रत्येक खेळाडूला आपली आणि समोरच्याची चाल लिहावी लागते. मुलीने पेन्सिलीने लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आणला होता. डाव हरली, पण कागद टाकला नव्हता. आम्हाला तिथेच बरे वाटले.

पट मांडला. एकेक चाल वाचत पुढे गेलो. सत्ताविसाव्या चालीला आलो तेव्हा जी स्थिती होती ती खाली देतो. ज्यांच्या घरी पट आहे त्यांनी मांडून पाहावी. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या रांगा ए ते एच आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या रांगा १ ते ८, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पांढरे, म्हणजे आमची मुलगी : राजा जी-१, वजीर ए-४, हत्ती ई-१, प्यादी ए-२, एफ-२, जी-२, एच-२.

काळे : राजा जी-८, वजीर बी-२, हत्ती डी-८, प्यादी ए-७, बी-७, एफ-७, जी-७, एच-७.

समोरच्या मुलाने नुकतेच वजिराने बी-२ वरचे प्यादे खाल्ले होते. चाल पांढऱ्याची.

आम्ही बराच वेळ पाहिले. मग आमचा चेहरा उजळला. वजीर उचलून आम्ही सरळ ई-८ वर ठेवला आणि म्हटले, "शह! त्याचा हत्ती वजीर मारणार. दुसरी चालच नाही त्याला. मग आपला हत्ती तो हत्ती मारणार, आणि मात! राजाच्या पुढे त्याचीच तीन प्यादी उभी, पळायला जागा नाही. वजीर देऊन मात, काय!"

मुलगी पटाजवळ आली. डोळे पुसले. थोडा वेळ गप्प राहिली आणि हळूच म्हणाली, "काका, मग वजीर कशाला द्यायचा? हत्ती आधी ई-८ वर गेला तरी तेच होते. त्याचा हत्ती आपला हत्ती मारेल, आपला वजीर त्याला मारेल. मातच की."

खरेच की! ई-८ या घरावर आमच्या दोघांचा मारा, हत्तीचा आणि वजिराचा. त्याची राखण एकाच हत्तीची. दोघांपुढे एक किती टिकणार? वजीर देण्याचा थाट करायची गरजच नव्हती. आम्ही हसलो. गृहस्थही किंचित हसले. ठाण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच हसले असावेत.

आम्ही विचारले, "मग तिथे तू काय खेळलीस?"

"एच-३."

"का बरे?"

"माझ्या राजाला मागे जागा नव्हती. मला वाटले, तो हत्ती आणून मागच्या रांगेत मला मात करील. प्यादेपण गेले होते. मी घाबरले."

वाचकहो, या उत्तरापाशी आम्ही थांबलो. तुम्हीही क्षणभर थांबा. मागच्या रांगेचा धोका या पोरीला दिसला नव्हता असे नाही. तो तिला दिसला होता, पण फक्त स्वतःच्या घरात. तोच धोका समोरच्याच्या घरात होता आणि तो आजच्या आज वसूल करण्याजोगा होता. भीतीने नजर एकाच बाजूला खिळली. बुद्धी कमी पडली म्हणून मात हुकली नाही, भीतीपोटी हुकली. एच-३ ही तशी वाईट चाल नाही. शहाणी, सांभाळून खेळलेली चाल आहे. पण त्या घडीला सांभाळण्याची नव्हे, मारण्याची वेळ होती. पुढच्याच चालीत समोरच्या मुलाने एच-६ करून आपल्या राजाला वाट करून दिली, मात गेली, आणि शेवटी ते एक जास्तीचे प्यादे पुढे सरकून वजीर झाले.

गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मी म्हणतो तेच खरे. घालवलाच ना डाव?"

आम्ही म्हटले, "भाऊ, घालवला. पण अशी संधी घालवणारी तुमची पोर पहिली नव्हे. जरा दुनियेत काय चालते ते ऐका." आणि मग आम्ही त्यांना जे सांगितले तेच वाचकांसाठी येथे लिहितो.

आपल्या महाराष्ट्राची, नागपूरची दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात दिव्याच्या समोर होत्या कोनेरू हंपी, भारतातील पहिल्या महिला ग्रँडमास्टर, २०१९ आणि २०२४ अशा दोनदा जगातील जलद बुद्धिबळाच्या महिला विजेत्या. दिव्या १९ वर्षांची, हंपी ३८ वर्षांच्या. दिव्या जन्मली त्याच्या आधीच, २००२ साली, हंपी ग्रँडमास्टर झाल्या होत्या.

२६ जुलैला पहिला डाव. दिव्याकडे पांढरी मोहरी. सुरुवातीच्या चालींतच तिला असा डाव मिळाला की तो जिंकता आला असता. यंत्रावर डाव पाहणाऱ्या साऱ्या जगाला ते दिसत होते. पटावर बसलेल्या दिव्याला ती वाट सापडली नाही. हंपींनी चिवटपणे डाव सावरला आणि बरोबरी झाली. विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि हातातली संधी गेलेली! त्या रात्री तिला कसे वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

दुसऱ्या दिवशी दुसरा डाव, तोही बरोबरीत. तिसऱ्या दिवशी, २८ जुलैला, कमी वेळेचे जलद डाव. पहिल्यात पुन्हा बरोबरी. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली आणि विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. स्पर्धेला जाताना ग्रँडमास्टर पदासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या गाठीशी नव्हता. या विजेतेपदानेच तिला ते पद मिळाले आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. शेवटच्या डावात वेळेच्या ताणाखाली चुका झाल्या त्या हंपींकडून. म्हणजे पाहा, पहिल्या दिवशी एकीची संधी हुकली, शेवटच्या दिवशी दुसरीचा हात चुकला. दोघीही ग्रँडमास्टरच्या तोडीच्या. चुका त्या दर्जालाही होतात. पहिल्या दिवशी हुकलेल्या डावाचे ओझे तिसऱ्या दिवसापर्यंत वाहत गेली असती, तर दिव्या जिंकली नसती.

गृहस्थ लगेच म्हणाले, "सर, तिचे आईवडील डॉक्टर आहेत म्हणतात. आपली कुठे बरोबरी?"

खरे आहे. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. मार्गदर्शक, प्रवास, परदेशातल्या स्पर्धा याला पैसा लागतो आणि तो आपल्या घरांत नाही. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट आहे, तिला पैसा लागत नाही. ती म्हणजे आपला हरलेला डाव पुन्हा मांडून पाहणे. ते काम दिव्यालाही करावे लागते आणि कोळसेवाडीतल्या पोरीलाही. तिथे पट तोच, घरे तीच चौसष्ट.

आणखी एक उदाहरण परदेशातले. मार्च २००४. आइसलँड देशाची राजधानी रेकजाविक. नॉर्वेचा १३ वर्षांचा मुलगा मॅग्नस कार्लसन जलद बुद्धिबळात गॅरी कास्पारोवसमोर बसला. कास्पारोव म्हणजे त्या काळी गुणांकनात जगात पहिला. पोराने पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याला असे कोंडीत धरले की डाव जिंकण्याच्या स्थितीत आला. पण नेमकी वाट सापडली नाही. डाव बरोबरीत सुटला, पुढचा डाव कास्पारोव जिंकला आणि पोरगा स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच पोराने २०१३ साली चेन्नईत आपल्या विश्वनाथन आनंदला हरवून जगज्जेतेपद घेतले. तेरा वर्षांच्या कार्लसनलाही जिंकता येणारा डाव जिंकता आला नव्हता, हे ध्यानात ठेवा.

भीतीचे तर याहून मोठे उदाहरण आहे. १९०२ साली माँटे कार्लो येथील स्पर्धेत गेओर्ग मार्को नावाचा नामवंत खेळाडू पोपिएलविरुद्ध खेळत होता. मार्कोचा उंट अडकला होता, हलवता येत नव्हता, आता तो जाणार असे त्याला वाटले. म्हणून त्याने हार पत्करली आणि उठला. प्रत्यक्षात तोच उंट जी-१ वर नेला असता तर एका बाजूने मातेची धमकी आणि दुसऱ्या बाजूने शत्रूच्या वजिरावर मारा, असा दुहेरी घाव बसला असता. डाव मार्कोचाच होता! मोहरा अडकला आहे असे मनाने घेतले की मग डोळे त्याच्याकडे पाहतच नाहीत. सव्वाशे वर्षे होत आली, जग अजून तो डाव मांडते आणि शिकते.

आता मुख्य मुद्दा. हुकलेली चाल शोधायची कशी? आम्ही वस्तीतल्या मुलांना सांगतो तीच रीत येथे देतो. खर्च एक वही आणि एक पेन्सिल.

पहिले, डाव संपला की कागद जपून ठेवायचा. हरलेल्या डावाचा तर आधी.

दुसरे, डाव शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पटावर मांडायचा. तेव्हा आपण काय विचार करत होतो ते आठवते. 'येथे मी घाबरले', 'येथे मला घाई झाली', 'येथे मी जिंकले असे वाटून सैल झाले' हे चालीसमोर वहीत लिहायचे. त्याचे मोल चालीइतकेच आहे.

तिसरे, प्रत्येक चालीला तीन प्रश्न ठराविक क्रमाने विचारायचे. मला शह देता येतो का? मला काही मारता येते का? मला काही धमकी देता येते का? शह आधी, कारण शहाला समोरच्याला उत्तर द्यावेच लागते. आमच्या मुलीने सत्ताविसाव्या चालीला पहिला प्रश्न विचारला असता तर पांढऱ्याकडे कोणते शह आहेत हे मोजायला दोन बोटे पुरली असती. हत्ती ई-८ आणि वजीर ई-८. दोन्ही मातेचे!

चौथे, आणि हे फार महत्त्वाचे. पट फिरवायचा. समोरच्याच्या बाजूने बसायचे आणि त्याने काय घालवले ते शोधायचे.

त्या रात्री आम्ही पट फिरवला. मुलगी काळ्याच्या बाजूला बसली आणि पुन्हा पहिल्यापासून चाली खेळली. एकोणिसाव्या चालीला ती ओरडलीच. "काका, हे बघा! याने मला इथेच मारले असते!"

त्या वेळी पांढरा राजा जी-१ वर, वजीर डी-२ वर. काळा घोडा ई-५ वर, काळा वजीर जी-६ वर. घोडा एफ-३ वर उडाला असता तर राजाला शह आणि वजिरावर मारा एकदमच. जी-२ चे प्यादे घोडा मारू शकत नाही, कारण ते हलले की जी रांगेतून काळा वजीर राजावर येतो. म्हणजे वजीर गेलाच. समोरच्या मुलाला ते दिसले नव्हते. त्याने हत्ती हलवला होता आणि पुढे घोडा मारामारीत गेला होता.

मुलगी खळखळून हसली. बापाकडे वळून म्हणाली, "पप्पा, आधी त्याने जिंकलेला डाव घालवला, मग मी घालवला."

गृहस्थ पटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पण मग हॉलमधला तो माणूस फक्त हिचेच का बोलला?"

याचे उत्तर आम्ही काय देणार? हरलेल्याच्या चुका सगळ्यांना दिसतात. जिंकलेल्याच्या चुका कुणी मोजत नाही. त्या शोधायच्या तर कागद काढावा लागतो.

पाचवे, यंत्र सर्वांत शेवटी. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे. लीचेस नावाच्या ठिकाणी डाव फुकट तपासून मिळतो. तिथे स्टॉकफिश नावाचे यंत्र क्षणात सांगते की येथे चूक झाली, ही चाल हवी होती. सोय चांगली आहे, गरिबाला तर वरदानच. पण आधी यंत्राला विचारले तर उत्तर मिळते आणि नजर मिळत नाही. गणिताच्या पुस्तकातले मागचे पान आधी उघडावे तसे ते आहे. आधी आपण शोधावे, वहीत लिहावे, मग यंत्राशी ताडून पाहावे. आपल्याला न सापडलेले त्याला सापडले तर लाज नाही. पण 'का' हे यंत्र सांगत नाही. आमच्या मुलीला भीती वाटली म्हणून एच-३ झाले, हे कोणत्या यंत्राला कळले असते?

आता दोन शब्द पालकांना, विशेषतः वडिलांना. मूल हरून आले की आपण काय म्हणतो? "एवढे पैसे घातले आणि शेवटी हरलास!" पैसे घातले हे खरे, आणि ते कष्टाचे आहेत हेही खरे. पण हे वाक्य ऐकलेले मूल पुढच्या डावात पटाकडे बघत नाही, बापाच्या चेहऱ्याकडे बघते. मग ते सांभाळून, धास्तीने, एच-३ खेळत बसते. त्याऐवजी आपण एवढेच विचारावे, "तुला कुठे वाटले की चुकले? दाखव बघू." आपल्याला खेळ येत नसला तरी चालेल. मूल दाखवताना स्वतःच शिकते.

आणि मुलीने बुद्धिबळात काय करायचे, असे कोणी म्हणत असेल तर त्याला खाडिलकर भगिनींची आठवण द्यावी. राष्ट्रीय महिला स्पर्धेचे पहिले विजेतेपद १९७४ साली वासंती खाडिलकर यांनी घेतले, पुढच्या वर्षी जयश्री यांनी आणि १९७६ साली रोहिणी यांनी, त्याही वयाच्या तेराव्या वर्षी. तिन्ही बहिणी मुंबईच्या. त्याच वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरल्या. त्यावर वाद झाला, तेव्हा स्त्रियांना अडवता येणार नाही असा निर्णय जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना द्यावा लागला.

असो. त्या रात्री साडेअकरा वाजता बापलेक घरी गेले. 'बस्स झाले' हा विषय पुन्हा निघाला नाही, पण मिटलाही नाही. पुढच्या स्पर्धेची प्रवेश फी कुठून आणायची हा प्रश्न तसाच होता. शेवटी गृहस्थांनी ठरवले की वर्षात फक्त तीन स्पर्धा खेळायच्या, त्याही ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या, रेल्वेच्या पासावर जाता येईल अशा. बाकीचे रविवार विहाराच्या ओट्यावर. आम्हाला हा निर्णय शहाणपणाचा वाटला.

दोन महिन्यांनी डोंबिवलीत स्पर्धा झाली. मुलीला बक्षीस मिळाले का? नाही. दोन डाव हरली. पण संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरावरून जात होतो तेव्हा दार उघडे होते. खाटेवर पट मांडलेला. मुलगी वही घेऊन बसलेली आणि समोर तिचा बाप, रात्रपाळीला निघायच्या कपड्यांत, डबा शेजारी ठेवलेला. तो कागदावरची चाल बोटाने शोधत सावकाश वाचत होता, "घोडा... एफ... तीन."

"पप्पा, थांबा," मुलगी म्हणाली. "पुढचे वाचू नका. मला आधी शोधू द्या."

आम्ही आत न जाता पुढे निघालो.